ठिगळ, रफू आणि सूर

मोडक्या-फाटक्या वस्तूंशी वागण्याचे आपल्या मराठीत किती शब्द आहेत, याचा कधी कोणी हिशेब केला आहे का? गळक्या भांड्याला आपण डाग देतो, पितळेच्या पातेल्याला कल्हई करतो, भिंत लिंपतो, पावसाळ्याआधी घर शाकारतो, धोतराला ठिगळ लावतो, शालूला रफू करतो आणि देवळाचा जीर्णोद्धार करतो. इंग्रजी शिकलेला माणूस या साऱ्याला सरसकट 'रिपेअर' म्हणून मोकळा होतो. पण आपल्या आजी-आजोबांनी हे शब्द उगाच वेगवेगळे ठेवले नव्हते. प्रत्येक शब्दामागे मोडलेल्या वस्तूकडे पाहण्याची एक निराळी नीती आहे.

ठिगळ प्रामाणिक असते. 'इथे फाटले होते' असे ते चारचौघांत सांगते. रफू शालीन असते. ते मालकिणीची लाज राखते. चांगला रफूगार बाहेरचा धागा वापरीत नाही; त्याच वस्त्राच्या दुमडीतून एकेक तंतू ओढून घेतो आणि भोक भरून काढतो. कल्हई भांड्याच्या आकाराला हात लावीत नाही, फक्त आतले अन्न कळकू नये एवढे पाहते. आणि जीर्णोद्धार? तो सर्वांत पुण्यकारक आणि सर्वांत धोक्याचा. कित्येक गावांत जीर्णोद्धार इतका मन लावून झाला आहे की देव तेवढा जुना उरला, देऊळ मात्र चकचकीत फरशीखाली कायमचे गेले.

यांपैकी कोणती दुरुस्ती खरी? कापडाच्या बाबतीत हा प्रश्न कोणाची झोप उडवणार नाही. पण मोडलेली वस्तू म्हणजे एखाद्या माणसाचा आवाज असेल तर? आणि तो माणूस आता पुन्हा कधी बोलणार नसेल तर?

हा प्रश्न आज काल्पनिक राहिलेला नाही. संगणकावर आवाज दुरुस्त करणारी सॉफ्टवेअरे आता कोल्हापुरातल्या पेठापेठांतून घरगुती स्टुडिओंत पोचली आहेत. गाणे एका सॉफ्टवेअरमध्ये जुळवायचे, त्यातला जखमी तुकडा 'आरएक्स'सारख्या दुसऱ्या, खास दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरकडे धाडायचा, तिथे तो नीट करून पुन्हा जागच्या जागी आणून बसवायचा, असा हा व्यवहार चालतो. सोनाराने साखळीची एकच कडी डाग द्यायला शेजारच्या कारागिराकडे पाठवावी, तसाच. त्या शेजारच्या कारागिराच्या हातात किती सत्ता आली आहे, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही.

आवाजाला खरखर चिकटली कशी, हे आधी पाहिले पाहिजे. नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्याला फ्रेड गायस्बर्ग या तंत्रज्ञाने गौहर जानचे गाणे मुद्रित केले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने भल्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, त्या हवेच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ ओढली जायची. पुढे त्या रेघेवरून लाखेच्या तबकड्या निघत. लाख बहुतांशी आपल्याच देशातली, पळस, बोर आणि कुसुंब यांच्या फांद्यांवर कीटकांनी साठवलेली. तिच्यात दगडाची पूड मिसळीत, म्हणजे तबकडी कणखर होई आणि पोलादी सुई तिच्या खाचेशी घासून बेताने जुळे. तेव्हा वाचकहो, जुन्या तबकडीची ती ओळखीची खरखर म्हणजे निव्वळ म्हातारपणाचा दोष नव्हे. ती तबकडीच्या जन्मापासूनची आहे. तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे आणि त्याखाली घासला जाणारा दगड, असा तो संसार होता.

त्या पहिल्या पिढीच्या तबकड्यांतली आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. गाणे संपता संपता गौहर जान ठसक्यात इंग्रजीत सांगते की आपले नाव गौहर जान. मेणाच्या तबकड्या परदेशी कारखान्यात जात. तिथल्या कामगारांना कोणते गाणे कोणाचे हे कळावे, यासाठी ती सोय होती असे सांगतात. आता असे समजा, आजच्या एखाद्या उत्साही दुरुस्तीवाल्याने विचार केला की हे काही गाणे नव्हे, हे बोलणे आहे, आणि शेवटची चार सेकंदे कापून टाकली. गाणे अधिक नेटके झाले खरे. पण शंभरांवर वर्षांपूर्वी एका बाईने जगाला ठणकावून सांगितलेले स्वतःचे नाव नाहीसे झाले. ती चार सेकंदे कचरा होती का?

आम्हा कोल्हापूरकरांना हा प्रश्न जवळचा वाटण्याचे कारण उघड आहे. शाहू महाराजांच्या दरबारचे गवई अल्लादियाखाँसाहेब याच गावात राहिले आणि जयपूर-अत्रौली घराण्याचे गाणे इथून महाराष्ट्रभर गेले. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवरून अंतराळात गेली. 5 सप्टेंबरला व्हॉयेजर-1 उडाले आणि 16 सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. आज ते यान आपल्यापासून दोन हजार चारशे कोटी किलोमीटरांहून दूर आहे. तिथे ती भैरवी कोणी ऐकेल न ऐकेल. इथे, पृथ्वीवर, त्यांच्या जुन्या तबकड्या कोणी कशा ऐकाव्यात हे मात्र आपल्या हातात आहे.

माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून डबा वाजवणारा एक मुलगा आज असा स्टुडिओ चालवतो. भजनी मंडळे, शाहीर, लग्नातली मंगलाष्टके, नवशिक्यांची भावगीते, सारे तिथे येते. त्याच्याकडे बसून मी आवाज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. पडद्यावर डावीकडून उजवीकडे काळ सरकतो. खालून वर खर्जापासून तारापर्यंत नादाची उंची चढते. जिथे आवाज मोठा तिथे उजेड जास्त. गाणारीचा सूर आडव्या लाटेसारखा दिसतो आणि त्याच्या डोक्यावर त्याचेच स्वयंभू स्वर एकाखाली एक गोधडीच्या टाक्यांसारखे समांतर धावतात. तबल्याची थाप उभ्या झोतासारखी. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा हेलकावतो, म्हणून तिची घूं-घूं तळाशी पन्नासावर, तिच्या पटीत शंभरावर, दीडशेवर, आखणीने ओढल्यासारख्या सरळ रेघांत दिसते. आणि श्रोत्यांतल्या कोणाचा खोकला? तो शाईच्या डागासारखा.

"बघा की सर, ह्यो खोकला," तो म्हणाला. त्याने त्या डागाभोवती चौकट आखली, आणि सॉफ्टवेअरने डागाच्या अलीकडचा व पलीकडचा नाद घेऊन मधली जागा भरून काढली. मला रफूगार आठवला. त्याच वस्त्राचा धागा, त्याच वस्त्राचे भोक.

त्याच्या कामाची रीत मी पुष्कळ वेळ पाहिली आणि त्यात एक शहाणपण आढळले. पहिली गोष्ट, मूळ ध्वनिमुद्रणाला तो कधीही हात लावीत नाही. जे करायचे ते नकलेवर. दुसरी, सबंध गाणे तो दुरुस्तीला पाठवीत नाही, फक्त दुखावलेला तुकडा पाठवतो. पायात काटा मोडला म्हणून कोणी साऱ्या देहाला भूल देत नाही. तिसरी, क्रम. आधी टकटक आणि चटचट काढायची, मग विजेची घूं-घूं, मग सतत वाहणारी सूं-सूं. आणि हे सारे आवाज मोठा करण्याच्या, त्यात घुमारा भरण्याच्या आधी, कारण मागाहून दोषही गाण्याबरोबर मोठा होतो आणि घुमतो. चौथी, एकदाच खसाखसा घासण्यापेक्षा दोनदा हलक्या हाताने पुसायचे. पाचवी, झालेली दुरुस्ती पक्की करून ठेवायची, म्हणजे संगणकाला दर वेळी तोच घाम गाळावा लागत नाही. आणि सहावी, जी तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो: गाणारा समोर बसलेला असेल तर दुरुस्तीच करू नका, ओळ पुन्हा गाऊन घ्या.

हे सारे वेळ वाचवण्याचे नियम आहेत. त्याला महिन्याचे भाडे द्यायचे असते, एका गाण्यावर आठ दिवस बसणे परवडत नाही. परंतु मला नवल वाटले ते याचे की त्याच्या या काटकसरीतून जी वागणूक निघते ती सज्जनाची वागणूक आहे. मूळ जपा. जेवढे दुखते तेवढ्यालाच हात लावा. जिवंत माणसाला त्याचे म्हणणे पुन्हा सांगायची संधी द्या. व्यवहार आणि नीती यांची अशी सोयरीक जगात फार वेळा जमत नाही.

एका जागी मात्र ती मोडते. सॉफ्टवेअरला दोन सेकंदांचा नुसता गोंगाट ऐकवला की ते त्याची ओळख लक्षात ठेवते आणि सगळ्या गाण्यातून तो वजा करते. एक कळ दाबली की काम झाले! इथे मोह सुरू होतो. वजाबाकी थोडी जास्त झाली की गाणारा पाण्याखालून गातो आहे असे वाटते, सुरांभोवती बुडबुडे फुटू लागतात. ते निदान कानाला कळते. न कळणारे नुकसान वेगळेच असते. माझ्या विद्यार्थ्याने मला ते दाखवले. त्या सॉफ्टवेअरात एक सोय आहे: काय ठेवले ते न ऐकता काय काढून टाकले तेवढेच ऐकता येते.

"आधी काढलंय काय ते ऐकायचं, सर," तो म्हणाला. "राहिलंय काय ते मग."

त्याने एका बैठकीच्या मुद्रणातला काढलेला कचरा मला ऐकवला. सूं-सूं होती, पंखा होता. आणि त्यांच्या आत, अंधुक पण अगदी सुरात, तानपुरा होता.

यंत्राचा यात काय दोष? जे सतत आहे, बदलत नाही, मागे वाहत राहते, ते नको असलेले, अशी त्याची सरळ समजूत. तानपुरा तर सततच वाहतो. त्यातून आपल्या मिरजेच्या तानपुऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. 2024 साली ज्याला भौगोलिक मानांकन मिळाले त्या तानपुऱ्याचा कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतो आणि तार झणझणू लागते. तिला जवारी म्हणतात. दोरा काढा, तार स्वच्छ वाजेल, आणि मेलेली वाजेल. म्हणजे ज्याला यंत्र गोंगाट समजेल तोच नाद आमचा कारागीर तासन्‌तास खपून जन्माला घालतो. तीच गवयाच्या पाठीमागची भिंत असते. घराघरांतूनही असे तानपुरे असतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत एका लयीत चाललेला कोणाचा तरी राबता आपल्याला ऐकू येईनासा होतो. तो थांबतो त्या दिवशी घर बेसूर का झाले ते कळत नाही.

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातून एक भाऊ आणि बहीण स्टुडिओत आले तेव्हा मी तिथे होतो. दोघेही पन्नाशी ओलांडलेली. त्यांच्याजवळ 1987 सालची एक कॅसेट होती. त्यांची आई जात्यावर ओव्या गात असताना थोरल्याने मुंबईहून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर त्या टिपल्या होत्या. आई वर्षापूर्वी गेली. वर्षश्राद्धाला जमलेल्या भावकीला तिचा आवाज ऐकवायचा, अशी भावाची इच्छा. "सगळा कालवा काढा आणि नुसती आई ठेवा," तो म्हणाला.

ओव्या ध्वनिमुद्रित करण्याचे केवढे मोठे काम आपल्याकडे झाले आहे! पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि 2017 पासून 'पारी' या संस्थेने त्या सर्वांना खुल्या करायला घेतल्या. पण ही ओवी कोणा अभ्यासकाच्या दप्तरातली नव्हती. ती घरातली होती.

कॅसेटचे तीन दुखणे होते. विजेवर लावलेल्या यंत्राची घूं-घूं, फीत चुरगळल्यामुळे पडलेले दोन खळगे आणि चढलेला वेग. वेगाचे दुखणे कळले तेही घूं-घूंमुळेच! जी रेघ पन्नासाच्या आसपास हवी ती वर सरकलेली दिसत होती. त्यावरून त्याने अंदाज बांधला की फीत सुमारे चार टक्के जोरात धावते आहे. सहा टक्के वेग वाढला तर पांढरी एकचा षड्ज काळी एकवर जातो, हे लक्षात घेतले की चार टक्के काही लहान चूक नव्हे. त्याने वेग उतरवला. बहिणीने डोळे मिटले आणि म्हणाली, "हां. ही आई." जो दोष काढून टाकायचा त्यानेच साक्ष दिली होती. म्हणून त्याने तो सर्वांत शेवटी काढला.

मग भावाच्या आग्रहावरून त्याने जाते काढले. घरघर गेली, बांगड्या गेल्या, कोंबडी गेली, खोकला गेला. उरला तो एकटा बारीक आवाज. ओळी भलत्याच ठिकाणी तुटत होत्या. एका शब्दावर हिसका बसत होता, दुसऱ्यावर उगीच लांबण लागत होती. बाई चालीत कच्ची होती असे वाटावे.

"दादा," बहीण म्हणाली, "जातं काढलंस तर आई थांबते कशाला आणि ओढते कशाला?"

जात्याच्या खुंट्याला हात घातलेल्या कोणत्याही बाईला हे ठाऊक असते. ओवीचा श्वास फेऱ्यावर चालतो. ओढताना दम लागतो तिथे ओळ मोडते; दगड आपल्या वजनाने फिरतो तिथे सूर लांबतो. जाते हे ओवीमागचे आवाज नव्हते, ते ओवीचे कारण होते. कारण पुसून परिणाम तेवढा ठेवला तर परिणाम वेडगळ दिसतो. माणसांच्याही बाबतीत आपण हेच करतो. त्याच्या पाठीवरचे जाते दृष्टिआड करतो, आणि हा असा तुटक का बोलतो म्हणून विचारतो.

भाऊ तरी ऐकेना. तेव्हा माझ्या विद्यार्थ्याने वाद घातला नाही. त्याने काढलेला कचरा तेवढा लावला. जाते फिरू लागले, बांगड्या वाजल्या, कोंबडी ओरडली, आणि मध्येच लांबून, बहुधा अंगणातून, एका पुरुषाचा आवाज आला: "च्या झाला का गं?"

भावाने हात वर करून थांबवायला सांगितले. त्यांचे वडील 1991 सालीच वारले होते. त्यांचा आवाज कुठेही नव्हता. तो त्या कॅसेटमध्ये, आईच्या ओवीत मिसळलेला गोंगाट म्हणून, सदतीस-अडतीस वर्षे पडून होता, आणि आता तो पुसला जाणार होता.

यावरून काही वाचक म्हणतील की मग हातच लावू नये. जसे आहे तसे असू द्यावे, खरखर म्हणजेच इतिहास. हा पक्षही मला मान्य नाही. फीत चुरगळली त्यात आईचे काय होते? घूं-घूं ही कोणाची आठवण होती? केसरबाई गायला बसल्या तेव्हा त्यांनी लाखेतली दगडाची पूड गायिली नव्हती. तिच्याखाली त्यांची एखादी बारीक मुरकी गाडली गेली असेल तर ती उकरून काढणे ही सेवाच आहे. खरखरीवर प्रेम करणारे पुष्कळदा गाण्यावर नव्हे, स्वतःच्या हळहळीवर प्रेम करतात. आज काही संगीतकार नव्याकोऱ्या गाण्यात जुन्या तबकडीची खोटी खरखर मुद्दाम मिसळतात, तेव्हा तर या हळहळीचे चांगलेच हसे होते. खादाड माणसाने उपवासाचे सोंग आणावे, तशातला तो प्रकार.

तेव्हा प्रश्न स्वच्छ की मळके हा नाहीच. कोणता डाग कोठून आला, हा प्रश्न आहे. जो डाग वस्तू टिपणाऱ्या यंत्राचा आहे, फितीचा आहे, काळाचा आहे, तो कोणाचाच नसतो; तो निःशंक काढावा. जो त्या क्षणाचा आहे, त्या माणसाचा, त्याच्या घराचा, त्याच्या दमाचा आहे, तो काढताना परवानगी लागते. आणि ज्याची परवानगी लागते तो बहुधा हयात नसतो.

काही दोष तर असे असतात की ते काढले तर माणूसच उरत नाही. अल्लादियाखाँसाहेबांचीच गोष्ट घ्या. तरुणपणी एका संस्थानात सतत गावे लागल्यामुळे त्यांचा आवाज बसला, आणि परत आला तो पहिल्यासारखा आला नाही. त्या बदललेल्या, जड झालेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली. वक्र, गुंतागुंतीची, लयीच्या अंगाने उलगडत जाणारी ती गायकी पुढे केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यांत गेली, आणि मंजीखाँ व भुर्जीखाँ या पुत्रांकडून मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गळ्यात. खाँसाहेबांच्या स्वतःच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका नाही. पण समजा, त्या काळी आवाज बरा करणारे यंत्र असते आणि कोणी हितचिंतकाने त्यांना त्यांचा पहिला, मऊ आवाज परत मिळवून दिला असता, तर? गळा दुरुस्त झाला असता. घराणे झाले असते की नाही, हे कोणी सांगावे!

माझा धंदा शिकवण्याचा, आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिण्याचा. दोन्हीकडे ही लाल शाई भेटते. एका मुलाने निबंधात लिहिले होते की आमची म्हैस मला ओळखते म्हणून मी तिच्याजवळ जाऊन रडतो. त्यात 'म्हैस' हा शब्द चुकीचा लिहिला होता. म्हैस दुरुस्त करायची असते, रडणे करायचे नसते. याच्या उलट अनुभव एका प्रकाशनगृहात आला. माझ्या कादंबरीतल्या धनगर बाईच्या तोंडची भाषा तिथल्या मुद्रितशोधकाने अशी घासूनपुसून ठेवली की ती बाई शिक्षक-पालक सभेत बोलल्यासारखी बोलू लागली. शुद्धलेखनाची एकही चूक उरली नव्हती. बाईही उरली नव्हती.

दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःला सीमा कशी घालावी, याचा धडा आपल्याला चारशे वर्षांपूर्वी मिळून चुकला आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत नकलाकारांच्या हातून पाठभेद शिरले होते. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, निरनिराळ्या प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. त्यांच्याएवढा समर्थ कवी मनात आणता तर दोन ओव्या सहज स्वतःच्या घालता, आणि त्या कोणाला ओळखूही न येत्या! त्यांनी तसे केले नाहीच, उलट पुढच्यांना बजावून ठेवले की यात कोणी आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखी होईल. मळ काढा, भर घालू नका. माझ्या मते आजच्या कोणत्याही दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरच्या वेष्टनावर हे तात्पर्य छापायला हरकत नाही.

कारण आता यंत्रे मळ काढून थांबत नाहीत, ती भरही घालू लागली आहेत. जॉन लेननने 1970 च्या दशकाच्या अखेरीस घरच्या घरी कॅसेटवर एक गाणे टिपले होते. 1990 च्या दशकात त्याच्या साथीदारांनी ते पुरे करू पाहिले, पण पियानो, आवाज आणि घूं-घूं एकमेकांत इतकी मिसळली होती की त्यांनी नाद सोडला. 2023 साली नव्या, शिकवून तयार केलेल्या संगणकाने त्यातून लेननचा आवाज वेगळा केला आणि 'नाऊ अँड देन' या नावाने ते गाणे बाहेर आले. हे रफू झाले. धागा त्याचाच होता. परंतु 2024 साली 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटातल्या एका गाण्यासाठी ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज संगणकाकडून घडवून घेतले. घरच्यांची परवानगी घेतली, मोबदला दिला, आणि हे उघडपणे सांगितले. त्यांची सचोटी निर्विवाद आहे. तरी मनात एक शंका राहतेच. बापाचे घर मुलगा विकू शकतो. पण बापाने कधी न म्हटलेले वाक्य त्याच्या तोंडी घालण्याचा हक्क वारशाने मिळतो का? कायदा यावर काही तरी उत्तर देईल. मला वाटते, निदान ठिगळाचा प्रामाणिकपणा तरी आपण सोडू नये. जिथे आपण भर घातली तिथे ती दिसू द्यावी, सांगून टाकावे.

पन्हाळ्याच्या त्या कॅसेटच्या अखेर दोन नकला झाल्या. एकीला काहीच केले नाही. वेग, खळगे, घूं-घूं सारे जसेच्या तसे, आणि तीवर तारीख घालून ती जपून ठेवली. दुसरीत वेग उतरवला, घूं-घूं काढली, खळगे रफू केले. जाते, बांगड्या, खोकला आणि चहाची चौकशी जिथल्या तिथे राहिली. वर्षश्राद्धाला ही दुसरी लावली. भावकीतल्या म्हाताऱ्या बायका ओवी ऐकताना पहिल्या फेऱ्यापासूनच पुढे-मागे डोलू लागल्या, असे बहिणीने नंतर फोनवर सांगितले.

ज्यांच्या कपाटांत अशा कॅसेटी असतील त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की फिती दरवर्षी झिजत आहेत आणि त्या वाजवणारी यंत्रे बाजारातून उठली आहेत. या सुट्टीत घरातले पोरटे हाताशी आहेत, तोवर त्या संगणकावर उतरवून घ्या. आधी जशाच्या तशा उतरवा. स्वच्छ करण्याची घाई करू नका. ते पुढेही करता येईल. आणि करायला बसाल तेव्हा जे काढून टाकणार आहात ते एकदा पूर्ण ऐका. दारे लावून, शांतपणे, शेवटपर्यंत ऐका. त्यात तुमच्या ओळखीचे कोणी बोलत नाही ना, एवढी खात्री करून घ्या.